शेपटी सडली की कुरतडली?

टँक आणि आपण : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत, पर झडतायत, शेपटी फाटलीय, कडा पांढरी झालीय, म्हणून म्हटलं हा अख्खा भाग त्यालाच देऊन टाकू. सुरू करायच्या आधी एक बारीकशी विनंती, बऱ्याच जणांनी "कल्ले सडलेत" असं लिहिलंय आणि सोबतच्या फोटोत शेपटी आहे. कल्ले म्हणजे मासा श्वास घेतो ते, डोक्याच्या बाजूला झाकणाखाली लालभडक असतात ते. पोहायला वापरतो ते पर. कल्ल्यांचं दुखणं वेगळं आणि जास्त घाईचं असतं, त्यामुळे पत्रात गल्लत झाली की उत्तरातही होते.

प्रश्न : माझ्याकडे निळा बेटा आहे, आठ महिने झाले. टेबलावरच्या काचेच्या बाऊलमध्ये ठेवलाय, साधारण तीन लिटरचा. दर रविवारी सगळं पाणी बदलते, बाऊल घासून स्वच्छ करते. तरी दोन आठवड्यांपासून शेपटी झालरीसारखी फाटत चाललीय. दुकानदाराने निळं औषध दिलं, रोज दोन थेंब, आज पाचवा दिवस, पाणी शाईसारखं झालंय आणि मासा दिसतच नाही नीट. काय चुकतंय? (डोंबिवलीहून एक ताई)

ताई, सगळ्यात आधी ते निळं पाणी काढा, कारण मासा दिसत नसेल तर औषध लागू पडतंय की नाही हे कळणार कसं. ते निळं म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर ते बरं आहे, पण फिन रॉट, म्हणजे हे पर सडणं, हा मुळात बॅक्टेरियाचा प्रकार, एरोमोनास, स्यूडोमोनास वगैरे, आणि त्यावर निळ्याचा फार भरवसा धरू नये. आणि हे बॅक्टेरिया कुठून बाहेरून येत नाहीत हो, ते प्रत्येक टँकमध्ये असतातच. धडधाकट माशाला काही करत नाहीत, मासा खचला की परांच्या कडेपासून सुरुवात करतात.

आता तो खचला का, ते तुमच्याच पत्रात आहे. तीन लिटर पाणी, फिल्टर नाही. माशाची विष्ठा आणि उरलेला दाणा यातून अमोनिया तयार होतो, तो सोमवारपासून वाढत वाढत शनिवारपर्यंत परांना भाजायला लागतो, आणि रविवारी तुम्ही सगळंच्या सगळं पाणी ओतून नळाचं ताजं भरता, त्यात क्लोरीन, तापमान वेगळं, म्हणजे सहा दिवस एक मार आणि सातव्या दिवशी दुसरा. दुकानात सांगतात की बेटा छोट्या बाऊलमध्ये मजेत राहतो. त्याला वरची हवा घेता येते, तसा अवयवच आहे त्याला, म्हणून तो तिथे मरत नाही एवढंच. थायलंडच्या भातखाचरातला मासा आहे तो, खाचरात पाणी उथळ असतं पण पसरलेलं किती असतं बघा.

पण थांबा, आधी खरंच फिन रॉट आहे का ते बघू. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च बाऊलच्या बाजूने मारा, समोरून नको, आणि फक्त कडेकडे बघा. कड दुधाळ, पांढरट किंवा लालसर काळपट, थोडी विरघळल्यासारखी दिसतेय आणि रोज जराजरा आत सरकतेय, तर फिन रॉट. कड एकदम स्वच्छ आहे, चीर सरळ पडलीय, तर कुठेतरी अडकून फाटलीय, प्लॅस्टिकच्या झाडाला बोट लावून बघा, नायलॉनचा पायमोजा त्यावरून ओढला तर अडकेल असं असेल तर शेपटीही अडकणार. आणि एका रात्रीत अर्धगोल घास काढल्यासारखा तुकडा गायब, कड स्वच्छ, तर त्याने स्वतःच चावलीय, बेटा कंटाळला किंवा काचेत स्वतःला बघून पिसाळला की करतो असं. फोटो रोज काढून ठेवा, त्याच जागेवरून त्याच वेळी, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला कड पांढरी वाटली, त्यामुळे फिन रॉट धरून चालू. निदान दहा-बारा लिटरचा टब घ्या, साबणाला कधी न लागलेला. नळाचं पाणी, त्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवायचे थेंब. अँटिक्लोरीन नसेल तर पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून, जमलं तर एअर पंप लावून, मग वापरा. जाडं मीठ, आयोडीनचं पाकीट नको, लिटरला एक ग्रॅमने सुरू करा, फार तर दोन. चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, माझ्या घरात यावरून एकदा भांडण झालंय पण काटा धुता येतो. मीठ आधी मगभर पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात थोडं थोडं सोडायचं. दुसऱ्या दिवसापासून रोज तिसरा हिस्सा पाणी बदला आणि मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं घाला. बारा लिटरमधलं चार काढलं तर चार लिटरचं मीठ. इथेच सगळे चुकतात, रोज अख्ख्या टबाचं मीठ घालतात, मीठ काही उडून जात नाही, चौथ्या दिवशी मासा लोणच्यात. आठ-दहा दिवस एवढं पुरे, मग नुसत्या पाण्याने बदलत बदलत मीठ कमी होऊ द्या.

तापमान सव्वीस-सत्तावीस स्थिर राहील असं बघा. दाणा निम्मा. आणि डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड असेलच, ते तळहाताएवढ्या पानांचं, त्याचं आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान धुऊन टाका एक. पाणी कोऱ्या चहासारखं होईल, बेटाला ते मानवतं आणि जंतूंना जरा आवर बसतो. औषध नाही ते, पण नुकसान काही नाही. फक्त सोसायटीवाले झाडांवर फवारणी करतात का ते विचारा आधी.

चार दिवसांत कड जिथल्या तिथे थांबली, तर जिंकलात, बाकी मासा बघून घेईल. थांबली नाही, लाल रेघा शेपटीच्या बुडाकडे निघाल्या, तर मात्र औषध लागेल, ते पुढच्या एका उत्तरात आलंय. आणि बरा झाल्यावर त्याला परत बाऊलमध्ये टाकू नका हो. छोटा स्पंज फिल्टर लावलेला पंधरा-वीस लिटरचा टँक करा. बाऊलमध्ये मनी प्लांट छान दिसतो.

प्रश्न : गणपतीला आठ दिवस गावी गेलो होतो, शेजाऱ्यांकडे चावी दिली होती. आल्यावर टँकचं पाणी गढूळ, दोन गोल्डफिश तळाशी बसलेले. पाणी बदललं, आता खेळतायत, पण दोघांच्याही परांच्या कडा काळ्या पडत चालल्यात! सडतायत का? (ठाणे)

शेजाऱ्यांनी प्रेमाने मूठ मूठ दाणा घातला असणार. दरवर्षी गणपतीनंतर हेच एक पत्र येतं, फक्त गाव बदलतं.

काळं बघून घाबरू नका, बहुतेक वेळा ही चांगली बातमी असते. अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशमध्ये तिथे काळा रंग चढतो, आपल्याकडे जखमेवर खपली धरते तसं समजा. कड अखंड आहे, झिजत नाहीये, मासा खातोय, तर काही टाकायचं नाही. काही आठवड्यांत काळं आपोआप फिकं होतं. फक्त अमोनिया खरंच गेलाय का ते मोजा. थेंबांच्या टेस्ट किटमध्ये पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं की अजून आहे, मग रोज तिसरा हिस्सा पाणी बदलत राहा. ज्यांच्याकडे पाण्याचा पीएच आठच्या आसपास आहे, म्हणजे बोअरवेलवाले बरेच, त्यांनी जास्त जपायचं, कारण सातच्या पाण्यातला आणि आठच्या पाण्यातला तेवढाच अमोनिया सारखा नसतो, आठला त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

आणि हो, पाणी गढूळ दिसलं म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला नाहीत ना? अमोनिया खाणारे चांगले जंतू त्याच स्पंजमध्ये राहतात आणि नळाच्या क्लोरीनने तेच आधी मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. नव्याने ती वस्ती बसायला चार-सहा आठवडे जातात.

पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना चावी द्या पण दाण्याचा डबा लपवून जा. कागदाच्या पुड्या करून ठेवा, एक दिवसाआड एक. मोठे गोल्डफिश आठवडाभर उपाशीही राहतात, त्यांना काही होत नाही.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं की पांढरं दिसलं की पाणी तीसपर्यंत गरम करा. माझ्या गप्पींच्या शेपटीवर आणि पाठीवर पांढरं दिसलं म्हणून हीटर तीसवर ठेवला. दोन दिवसांत अकरा गप्पी गेले. (नाशिक)

हे वाचून वाईट वाटलं, आणि चूक माझीही आहे. मागच्या अंकात मी व्हाईट स्पॉटबद्दल लिहिलं होतं, तिथे तापमान हळूहळू वाढवायचं ते बरोबरच आहे, पण "पांढरं" म्हणजे कसलं पांढरं हे मी नीट फोड करून लिहिलं नाही. ते आज लिहितो.

व्हाईट स्पॉट म्हणजे रव्याचे दाणे. सुटे, टोचल्यासारखे, मोजता येतील असे, अंगावर आणि परांवर. तो परजीवी आहे, अंगावर चिकटलेला असताना त्याला औषध लागत नाही, सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच लागतं, म्हणून पाणी गरम करून त्याचं चक्र लवकर फिरवायचं.

तुमच्याकडे झाला तो बहुतेक कॉलमनॅरिस. "पाठीवर खोगिरासारखा करडा पट्टा, तोंडाला पांढरी मिशी आल्यासारखी, शेपटी बुडापासून विरघळली" असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, ते वर्णन त्याचंच. दाणे नसतात, पसरट डाग असतो, कडेला पिवळसर झाक. काही वेळा कापसासारखा दिसतो म्हणून लोक बुरशी समजतात, पण बुरशीचे धागे लांब, पाण्यात हलणारे असतात, आणि बुरशी सहसा आधीच मेलेल्या जागेवर येते आणि सावकाश वाढते. कॉलमनॅरिस सावकाश वगैरे काही ओळखत नाही. हा बॅक्टेरिया आहे आणि याला उष्णता आवडते. तीसला तो सुसाट सुटतो. गप्पी, मोली, प्लॅटी यांच्यात तर एक दिवस पुरतो.

म्हणजे उपाय नेमका उलटा. हीटर खाली आणायचा, हळूहळू, चोवीस-पंचवीसवर. एअर पंप जोरात. दिसेल तो आजारी मासा लगेच वेगळ्या टबात, मीठ लिटरला दोन-तीन ग्रॅम, गप्पींना तेवढं आरामात चालतं, कोरीडोरस, म्हणजे तळाशी फिरणारे ते मिशीवाले मासे, असतील तर त्यांना मात्र अर्ध्यावरच थांबवा. मेलेला मासा तासभरही टँकमध्ये ठेवू नका, बाकीचे त्याला टोचतात आणि मग सगळ्यांना लागतं. जाळी दुसऱ्या टँकला वापरू नका, कडक उन्हात खडखडीत वाळवा. उरलेले किती आहेत ते लिहिलं नाहीत, पण आठ दिवसांत नवीन मासा आजारी पडला नाही तर बाकीचे वाचले समजा. आणि नवे गप्पी आणाल तेव्हा, महापालिकेकडून डासांसाठी फुकट मिळालेले असले तरी, दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवल्याशिवाय आत सोडू नका.

प्रश्न : एंजल माशाच्या खालच्या लांब दोऱ्यांसारख्या परांची टोकं रोज आखूड होतायत. तीन औषधं झाली. टँकमध्ये तीन टायगर बार्ब आहेत, ते मात्र एकदम ठणठणीत. (नागपूर)

असणारच ठणठणीत, तेच खातायत ना त्या दोऱ्या! औषध बंद. बार्ब वेगळे करा, किंवा मोठा टँक असेल तर त्यांची संख्या आठ-दहा करा म्हणजे आपापसात भांडत बसतील, पण एंजलसोबत ती जोडी मुळात जमत नाही. बार्बसोबत बेटा किंवा गौरामी ठेवले तर त्यांचंही तेच.

प्रश्न : वरच्या पराच्या टोकावर फ्लॉवरच्या भाजीच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ आलीय. मासा खातो-पितो मजेत. कापून काढू का? (मडगाव)

अजिबात कापू नका. लिम्फोसिस्टिस म्हणतात याला, व्हायरसने होतो, त्यावर औषध नाही आणि सहसा लागतही नाही. पाणी चांगलं ठेवा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप गळून जाते. फार पसरली किंवा तोंडावर आली आणि खाता येईना झालं, तरच डॉक्टर.

प्रश्न : मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडून टाकली तर फिन रॉट जातो असं एका ग्रुपवर वाचलं. किती लिटरला एक? (पुणे)

प्रमाण सांगणार नाही, रागावू नका. कारणं सांगतो. एक तर आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, म्हणजे टाकलं किती आणि माशाला लागलं किती याचा मेळ नाही. दुसरं, ते कमी पडलं की जे जंतू उरतात ते त्याला सरावलेले उरतात. आणि फिल्टरमधल्या चांगल्या जंतूंवरही गदा येऊ शकते, मग अमोनिया परत चढतो, मग पर परत सडतात, आणि माणूस म्हणतो एक कॅप्सूल कमी पडली. मी स्वतः एके काळी हे केलंय, फ्लॉवरहॉर्न मासा होता, चार फुटी टँक, सकाळी पाणी चहाच्या रंगाचं आणि त्यावर बोटभर फेस. मासा वाचला, कसा ते त्यालाच ठाऊक.

बॅक्टेरियावरची औषधं लागतात कधीकधी, नाही असं नाही, वर डोंबिवलीच्या ताईंना म्हटलं तसं लाल रेघा बुडाशी पोचल्या, किंवा चार-पाच दिवस स्वच्छ पाणी देऊनही कड थांबत नाही, तेव्हा. पण ती वेगळ्या टबात, फिल्टरमधला कोळसा काढून, कारण कोळसा औषध शोषून टाकतो, आणि एका वेळी एकच. दोन औषधं एकत्र नाहीत. निळं, पिवळं, हिरवं सगळं थोडं थोडं, ही रंगपंचमी बंद करा. आणि बाटलीवर आत काय आहे आणि लिटरला किती हे छापलेलं नसेल तर ती दुकानातच राहू द्या. माशांचं बघणारे पशुवैद्य कमी आहेत हे खरं, पण पुण्या-मुंबईत शोधलं तर सापडतात, आणि मत्स्यविज्ञानाची कॉलेजं नागपूर, उदगीर, रत्नागिरीला आहेत, तिथे विचारायला लाजायचं काय.

यालाच जोडून एक. पर महिनोन् महिने भरत नाहीत, मासा खाऊनही वाळत चाललाय, पाठीचा कणा वाकडा झालाय, असं असेल तर हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नका. माशांच्या क्षयासारखा एक आजार असतो, त्यातला जंतू माणसाच्या कातडीत शिरून लवकर बरी न होणारी गाठ करतो. रबरी हातमोजे घाला, आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझ्या झेब्रा माशाची शेपटी अर्धी गेली होती, आता तो बरा आहे. शेपटी परत येईल का? पालीसारखी? (सातारा)

येईल की! आणि तू अगदी नेमका मासा निवडलायस. झेब्रा मासा आपल्याकडचाच, गंगेच्या खोऱ्यातला, आणि तुटलेलं परत उगवण्यात तो इतका पटाईत आहे की जगभरच्या प्रयोगशाळांत तेच बघायला त्याला पाळतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतसुद्धा झेब्रा माशांवर काम चालतं, त्याचं तर हृदयसुद्धा जखम झाली तर परत भरून येतं.

पालीची नवी शेपटी जुनीसारखी होत नाही, आत हाडांऐवजी कूर्चा असते. माशाचं तसं नाही, परातले काटे आणि मधला पडदा दोन्ही नव्याने बनतात. फक्त शेपटी बुडापर्यंत सडलेली नको, थोडं बूड शिल्लक हवं. तुझ्या माशाचं अर्धं आहे म्हणजे भरपूर आहे.

आता एक काम कर. एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर सेंटिमीटर असतात ना, ती टँकच्या बाहेरून काचेला चिकटव, मासा जिथे दाणा खायला येतो तिथेच. दर रविवारी मासा पट्टीसमोर आला की फोटो काढ. पहिल्यांदा तुला वाटेल काहीच वाढलं नाही, कारण नवा भाग अगदी पारदर्शक असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा, रंग आणि पट्टे नंतर येतात. म्हणून फोटो काढताना मागे काळा कागद लाव. पाणी सव्वीस-अठ्ठावीसच्या आसपास असेल तर दोन-तीन आठवड्यांत बराच फरक दिसेल, थंडीत साताऱ्यात जरा जास्त लागेल. मोठे, लांब शेपटीचे मासे असतात त्यांना महिने लागतात, तुझा छोटा आहे. त्या पारदर्शक भागाची कड सरळ, स्वच्छ असली तर सगळं ठीक, पांढरी धूसर झाली तर आईबाबांना सांगून लगेच पाणी बदल. आणि चार रविवारचे फोटो झाले की ते मला पाठव, पट्टीसकट.